लाल मक्याचे पाच दाणे

वाशिमच्या ज्या शाळेत मी खिचडी शिजवते, तिथे मागच्या अंगणात पोरांची परसबाग आहे. आधी ही शहरातली पोरं खिचडीतला मेथीचा पाला वेचून ताटाच्या कडेला लावायची. स्वतः पेरलेली मेथी शिजली, त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने दोनदा वाढून घेतलं. "माह्यी मेथी हाये," असं सगळ्यांना सांगत होती. म्हणून मोठ्या बाईंनी मक्याचं बियाणं मागितलं, तेव्हा मी हौसेने माझ्या गावी, अनसिंगला जाऊन भावाकडून पेरणीतून उरलेलं घेऊन आले.

दाणे लाल होते, किडीचं विषारी औषध चोळलेले. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं की लाल दाणा तोंडात घालायचा नाही. मी पुडी बाईंच्या हातात दिली आणि शेगडीकडे वळले. वर्गापुढे बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आणि हे सांगावं लागतं, असं मनातही आलं नाही.

खिचडी उतरवत होते, तर तीच मुलगी पाणी प्यायला आली. ओठ लाल.

"काय खाल्लं वं?"

"काई नाई."

"जीभ दाखव."

जीभही लाल होती.

"मक्याचा दाणा चोखला का?"

"गोळीवानी दिसला ना मावशी. पण कडू लागला. मंग पेरून टाकला."

"तुले किती भेटले होते?"

"पाच. पाचही पेरले."

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी वाफ्याकडे धावले आणि तिची ओळ बोटांनी उकरली. एक, दोन, तीन. चौथा खोल निघाला. पाचवा सापडेना. शेजारच्या ओळीत हात घातला, तर एक पोरगा ओरडला, "मावशी, माह्यी ओळ कायले मोडता?"

"तोंडं उघडा सगळे!" मी किंचाळले. माझा असा आवाज त्या शाळेत कोणी ऐकला नव्हता.

बाकीच्यांची तोंडं साफ होती. ती मात्र रडायला लागली. "थुकाले गेली अन् गिळला."

मोठ्या बाईंनी सगळ्यांचे हात साबणाने धुवायला लावले. मी मुलीला घेऊन ऑटोत बसले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध कोणतं? मला काय माहीत! भावाला फोन लावला. तो कोठ्यात जाऊन बियाण्याची पिशवी शोधेपर्यंत मी फोन कानाला घट्ट धरून उभी होते. मग त्याने एकेक अक्षर लावत नाव वाचलं.

"एकच दाणा आहे. पण संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवू," डॉक्टर म्हणाले.

तिची आई धावत आली. "तुमाले माहीत होतं, मंग सांगतलं काहून नाई? तोंड शिवलं होतं काय?"

मुलगी डोळे मिटायची आणि मी तिला हाक मारायचे. दिवस कलताना ती उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा तपासून घरी जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत हजर. "बंद करा हा बगिचा."

मोठ्या बाई खिडकीतून वाफ्यांकडे बघत होत्या. त्या खरंच बंद करतील असं मला वाटलं.

"चूक बगिच्याची नाई, माह्यी हाये," मी म्हणाले. "मले वर्गात सांगू द्या."

"आज फुटलं काय तोंड!" आई म्हणाली, पण वर्गात येऊन मागच्या बाकावर बसली.

मी एका हातातल्या काचेच्या बाटलीत लाल दाणे दाखवले आणि दुसऱ्या हातात घरचे पिवळे, औषध न लावलेले. लाल का करतात, कुठे ठेवतात, हात कसे धुवायचे, सगळं सांगितलं. मध्येच अडखळले, पण थांबले नाही.

तीच मुलगी उभी राहिली. "मावशी, मंग पाखरानं खाल्ला तं?"

"म्हणूनच वर राहू द्यायचा नाई. मातीत खोल दाबाचा."

"किती खोल?"

मी बोटाचं दुसरं पेर दाखवलं. सगळी पोरं आपापलं बोट बघायला लागली. मागच्या बाकावरून आई म्हणाली, "पिवळाच पेरा पण." मग बाईंनी सगळ्यांना अंगणात चला म्हटलं.