पाटीखालची भेळ

पाटी मी वाचून दाखवली. कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला समजावून सांगायची मला खोड, तीच नडली.

मिशिगनमधल्या एका नदीकाठी आमच्या मराठी मंडळाची पिकनिक होती. भेळ कालवायचं काम दरवर्षीसारखं माझ्याकडे. मोठं पातेलं, बाह्या वर, सगळं हाताने. "तुझ्या हाताला चव आहे रे," असं काकू म्हणायच्या. काकू म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांची बायको. मी फुगायचो. माझ्या पीएचडीच्या गाईडनेही एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

पातेल्याशेजारीच ती ब्राँझची पाटी. कुणी एक गोरा साहेब, फरच्या व्यापाराचा पायोनियर. बीव्हर मारायचे, कातडी सोलायची, बोटीत भरून विकायची. बीव्हर म्हणजे नदीतली दांडगी घूसच. ज्या आदिवासींनी सापळे लावायला शिकवलं, ते 'स्थानिकांच्या मदतीने' एवढ्यात आटोपले होते.

मी मराठीत सांगितलं. अध्यक्षकाका भारावले.

"काय जिगर असेल! घाण नाही, वास नाही, काही मनात आणलं नाही. ह्याला म्हणतात डिग्निटी ऑफ लेबर!"

भेळीत हात घालून मी बोललो, "काका, माझा आजाही हेच करायचा. गावची मेलेली ढोरं ओढायची, सोलायची. कातडं पाटलाचं, वास आमचा. पाटी राहू द्या, त्याला विहिरीवरही कुणी उभं केलं नाही."

हसतील असं वाटलं मला. खरंच. एवढा मी गाढव.

काकांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. कुणी खोदून विचारलं की मी विषय स्नोवर न्यायचो. आता एका दमात सगळं कळलं होतं.

"चला, भेळ तयार आहे," मी म्हणालो.

"मला ना, आज उपास आहे," काकू म्हणाल्या. हातात अर्धं खाल्लेलं सँडविच.

कुणाला ॲसिडिटी झाली. कुणी चिप्सची पाकिटं फोडली. एकजण प्रेमाने म्हणाला, "तू बस यार, दमला असशील." आणि पातेल्यावर फॉइल घातलं. मढ्यावर कापड घालतात तसं.

एरवी मी ती भेळ गुपचूप कचऱ्यात टाकली असती, हात धुतले असते आणि ग्रुप फोटोत दात काढून उभा राहिलो असतो. तसे पुष्कळ दात काढलेत मी. त्या दिवशी डोकं फिरलं. फॉइल टराटरा फाडलं. पातेलं उचलून पाटीच्या पायाशी ठेवलं, तिथेच मांडी घातली आणि खायला लागलो.

"हे काय नाटक?" काका.

"त्याने सोललं तर जिगर. माझ्या आज्याने सोललं तर उपास. नाटक तुमचं चाललंय, काका."

मी खात राहिलो. मीठ कमी होतं, तरी खात राहिलो.

आता गणपतीला मी पुन्हा जाणार. मंडळ माझंही आहे. भेळ मीच कालवणार, आणि हात घालायच्या आधी आज्याचं नाव मोठ्याने घेणार. ज्याला उपास असेल त्याने माझ्या तोंडावर सांगायचं, कशाचा ते.

हे सगळं मी फोनवर आईला तावातावाने सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आन् इतकी वर्सं त्यास्नी भेळ कालवून घालीत हुतास," ती म्हणाली, "तवा तुजी जीभ काय गहाण पडली हुती?"