पहिल्या दिवशीचा भात

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाट जिल्ह्यात कोण कुठून आलं हे दोघांनाच पक्कं ठाऊक आहे: एक देव आणि दुसरे माझ्या मैत्रिणीचे वडील. त्यातही देवाकडे वह्या असल्याचं मी ऐकलेलं नाही. काकांकडे अकरा आहेत. लांब, जाड पुठ्ठ्याच्या, सरकारी रंगाच्या, आणि प्रत्येकीला गुरांच्या औषधाचा वास. मी स्वतः याद्या करणारी बाई आहे. शाळेचं कार्यालय गेली वीस वर्षं याद्यांवर चालवते, घरचा किराणाही दुकानाच्या फळ्यांच्या क्रमाने लिहिते. अशा माणसाला दुसऱ्याच्या नोंदी पाहून सहसा हात जोडावेसे वाटत नाहीत. काकांच्या वह्या पाहिल्या आणि मला वाटले.

काका जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. परसवाड्यापासून राजेगावपर्यंत एकही गोठा असा नाही जिथे ते सायकल घेऊन गेले नाहीत. पुढे लशींची पेटी, मागे कॅरियरला वही. सुई भरून झाली की ती हवेत धरून ते मालकाला विचारत, "तुमचे लोक इकडे कवा आले? आले त्या दिवशी कोणाच्या घरी जेवले?" मालक आजोबांपासून सुरुवात करी, सुई हवेतच राही. एकदा एका बैलाचा धीर सुटला आणि तो खुंटा उपटून तलावाकडे धावला. त्याच्या मागे काका, काकांच्या मागे मालक. पण धावता धावता मालकाने आपल्या आजोबांचा छिंदवाड्याहून इथवरचा प्रवास पुरा सांगितला, आणि तलावाच्या काठी काकांनी आधी वही उघडली, मग बैल पकडला. त्या पानावर चिखलाचा डाग आहे. मी तो पाहिला आहे.

त्यांचा प्रश्न कधीच बदलला नाही. कोण तुम्ही, कुठले, घरात काय बोलता, याची उत्तरं लोक समोरचा माणूस बघून देतात, असं त्यांचं म्हणणं. "कोणाले जात लपवाची रायते, कोणाले गाव. पन पहिल्या दिवशी जेवू कोनी घातलं, याले कोनी खोटं बोलत नाही. त्या दिवशीची भूक ध्यानात रायते पोरी." म्हणून त्यांच्या वहीत दर घराला एक पान. वर घराचं नाव, खाली कुठून आले, का आले, आणि शेवटच्या ओळीत: यांना जेवू कोणी घातलं, आणि काय.

हा प्रश्न ते कुठेही विचारत. माझ्याच लग्नात पंगतीत बसलेल्या माझ्या सासऱ्यांना त्यांनी विचारला. घास तोंडाशी नेलेले सासरे म्हणाले, "डॉक्टर, आधी हे तं जेवू द्या!" (कंपाउंडरला सगळे डॉक्टरच म्हणत, काकांनीही कधी हरकत घेतली नाही.) ज्याच्याशी बोलायचं त्याच्याच भाषेत बोलायचं, हा दुसरा नेम. सिंधी कापडवाल्याशी सिंधी, पोवारांच्या घरी पोवारी, बैहरकडच्या माणसांशी गोंडी. सगळ्याच भाषा त्यांना सारख्या येत होत्या असं नाही. एकदा बाजारात मोहाची फुलं विकणाऱ्या म्हातारीशी ते दहा मिनिटं गोंडीत बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबूजी, हिंदी में बोलो. मेरी बस छूट जाएगी." काका इतके हसले की म्हातारीही हसली, बस खरंच सुटली, आणि तिचं पान सहाव्या वहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठातली संशोधक मुलगी स्थलांतरावर काम करायला आली. सोबत छापील फॉर्म. 'मातृभाषा' असा एक छोटासा चौकोन होता. काका म्हणाले, "कोनत्या वेळेची सांगू? माय मारे मराठीत, समजावे हिंदीत. बैलासंग मी पोवारी बोलतो. गिनती लरियात येते, आमचा शाळेतला मास्तर छत्तीसगढचा, त्यानं शिकवली. सपनं कोनत्या भाषेत पडते ते तुह्या काकीले पुसा लागन." मुलीने नाइलाजाने लिहिलं, 'इतर'. "इतर!" काका आनंदाने काकूंना ओरडून म्हणाले, "ऐकलं का वो? सत्तर वर्षांत आपल्याले जात भेटली, इतर!" पण ती मुलगी हुशार होती. तिने फॉर्म बॅगेत ठेवला आणि वह्या मागितल्या. चार दिवस ती वाचत बसली. जाताना म्हणाली, याचं पुस्तक व्हायला हवं, मी छापून आणते, फक्त कुणीतरी हे नीट लावून द्या.

घाई होती. काकांना काचबिंदू होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की डावा गेलाच आहे, उजव्याचे काही महिने. डोळ्यांना दिसतं आहे तोवर आपलं पुस्तक हातात यावं एवढीच त्यांची इच्छा होती. आणि नीट लावून द्यायचं म्हटल्यावर आमच्या माहितीत माझ्याहून नीट कोण लावणार?

मी वह्या घरी आणल्या. पिना काढल्या, पानं सुटी केली. एका रविवारी आठ रंगांच्या फायली घेतल्या: पोवार, गोंड, बौद्ध, मरार, लोधी, सिंधी, कोष्टी, इतर. प्रत्येक फाईलमध्ये गावाप्रमाणे पानं, वर अनुक्रमणिका. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. सोमवारी शाळा सुटल्यावर ते सगळं काकांच्या पुढ्यात ठेवलं. ते म्हणाले, "वाच." मी पहिलं पान वाचलं. "याच्या मांगं कोन आहे?" मी दुसरं पोवार घर वाचलं. "आनिक?" तिसरं. काका बराच वेळ फायलींवरून हात फिरवत राहिले.

"तू तं सगळ्यायले वापस आपापल्या घरी धाडून देलं पोरी," ते म्हणाले. आवाजात राग मुळीच नव्हता. "इतं येऊन एकमेकाच्या घरी जेवले, तेवढंच तं लिवलं होतं म्या."

तेव्हा मला कळलं. वह्यांना क्रम होता; नवं पान लिहिलं की काका पिना काढून ते त्याच्या जागी लावत. ज्याने जेवू घातलं त्याच्या पानामागे जेवणाऱ्याचं पान. कोष्ट्याला गोंडाने जेवू घातलं, त्या कोष्ट्याने पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंध्याला, सिंध्याने रायपूरकडून आलेल्या कुणाला. अकरा वह्यांतून तो भात हातोहात पुढे गेला होता, आणि मी एका रविवारी तो जातीजातींत वाटून टाकला होता. शेवटच्या ओळीत नावं होती, पण फक्त 'मारोतीच्या घरी', 'तळ्याकाठच्या काशीबाईकडे' अशी. कोणता मारोती, कोणती काशीबाई, ते क्रमावरूनच कळायचं. आणि काकांना आता अक्षर दिसत नव्हतं.

"रडतं काहून?" ते म्हणाले. "तू वाच. मी सांगतो."

पुढचा दीड महिना मी रोज शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले. मी एक पान वाचायची, ते डोळे मिटून सांगायचे: "हा काशीबाईच्या मांगं. वारासिवनीची काशीबाई, लांजीची नाही. लांजीच्या काशीबाईनं कुटकीची पेज देली होती, हिनं भात आन् अंबाडीची भाजी." मी मुद्दाम पानं पिसून वाचली, अर्धं नाव गाळून वाचलं. तीनशेवर घरं होती. ते एकदाही अडले नाहीत. कुणाच्या ताटात मीठ कमी होतं, कुणाचं पोर जेवता जेवता झोपलं, कुणी पहिला घास घरधन्याच्या कुत्र्याला घातला, सगळं. मी माझ्या मुलांचे मोबाईल नंबर लिहून ठेवते. त्या माणसासमोर बसून मला आपली सगळी शिस्त खेळण्यातली वाटू लागली.

शेवटी एक पान उरलं. जुनं, पहिल्या वहीतलं, कोवळ्या अक्षरातलं. मी वाचलं: "माझी आजी. भंडाऱ्याकडून. नवरा पटकीने गेला. दोन पोरं घेऊन पायी. वाघनदी ओलांडून संध्याकाळी राजेगावला आली." त्याखाली 'जेवू कोणी घातलं' एवढं लिहून पुढची जागा कोरी होती.

"जेवली ते," काका म्हणाले. "पळसाच्या पानावर भात आन् लाखोरीचं वरन. घरात घेतलं नाही, गोठ्यापाशी बसवलं. त्या काळात आमाले कोन घरात घेनार! पन वाहाडलं पोटभर, दोनदा. तिनं काई त्या बाईले नाव पुसलं नाही, हिंमतच नोयती. मरेपर्यंत म्हने, नाव पुसाले पायजे होतं."

मी विचारलं, म्हणून तुम्ही सगळ्यांना विचारत फिरलात?

"हौ. वाटे, कोनीतरी दुसऱ्या बाजूनं सांगन. आमच्या घरी एक बाई आलती दोन पोरं घेऊन, असं. राजेगावचं एक घर सोडलं नाही म्या. तुह्या सासऱ्याले पुसलं. ते म्हने, डॉक्टर, गोठ्यापाशी कितीक जन जेवून गेले, कोनाकोनाचं ध्यान ठेवाचं?" ते हसले. "बरोबरच आहे त्याहिचं."

हे पान कुठे ठेवू, मी विचारलं. माझ्या हातातून आजवर एकही कागद जागेवाचून सुटलेला नाही.

"राहू दे सुटं," काका म्हणाले. "कोनाच्याही मांगं ठेवलं तं तो नाही म्हननार नाही. पन ठेवू नोको."

पुस्तक पावसाळ्यानंतर आलं. काकांनी ते दोन्ही हातांत धरलं, वास घेतला, आणि कव्हरचा रंग बरोबर सांगितला. म्हणजे तेवढं दिसलं. आजीचं पान आत कुठे शिवलेलं नाही, ते मधेच सुटं ठेवलं आहे, प्रत्येक प्रतीत. छापखान्याची चूक म्हणून दोघा-तिघांनी परत पाठवलं.

काकांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. आणि मी गोंदियाच्या बसमध्ये बसले की राजेगाव यायच्या आत हातातलं काम बाजूला ठेवते. खिडकीतून जुनी घरं दिसतात, काहींच्या मागे अजून गोठे आहेत. त्यातलं एक घर माझ्या सासरचं. मी एकेक घर बघत जाते, मनात यादी करते, आणि बस वाघनदीच्या पुलावर चढते तोवर त्यातलं एकही खोडता आलेलं नसतं.