शाप इथे स्वीकारले जातील

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढे शाप, कोप आणि अपशकुन सुटले असतील, त्यातले निम्मे तरी माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीने स्वतःच्या अंगावर घेतले आहेत. सगळे स्वखुशीने, आणि बरेचसे मागून. लोक तिकिटं जमवतात, काड्यापेट्या जमवतात. ही दुसऱ्यांवर येऊ घातलेली अरिष्टं जमवायची. तुमच्या वाटेत मांजर आडवं गेलं की तुम्ही थबकायचं आणि तिला हाक मारायची. ती दप्तर सावरत येणार, मांजराच्या वाटेवरून ऐटीत पलीकडे जाणार आणि तिकडून विचारणार, "गेलं माझ्यावर? या आता." आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मुली परीक्षेच्या दिवसांत मुद्दाम तिच्या मागे चालायच्या. वाटेत मांजर नसलं तरी.

ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडलांची आधी होडी होती, मग कारखान्यात नोकरी. मुलीने इंग्रजी शिकावं म्हणून त्यांनी तिला सिस्टरांच्या शाळेत घातलं आणि सिस्टर पुढची दहा वर्षं त्या निर्णयाचा विचार करत राहिल्या. मॉरल सायन्सच्या तासाला तिने विचारलं होतं की देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर मग आपण रोज सकाळी त्याला तेच तेच का सांगतो. तिला बाहेर उभं केलं. बाहेर जाता जाता ती म्हणाली, "हेपण त्याला माहीत असणार." माझ्यासारख्या, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा घसा कोरडा पडणाऱ्या मुलीला अशा मुलीशेजारी बाक मिळणं ही काय योजना होती, ते मला अजून कळलेलं नाही.

आमची खरी ओळख एका पोस्टकार्डामुळे झाली. त्या काळी ती कार्डं सगळ्यांच्याच घरी यायची. देवीच्या नावाने पत्र. वाचताच एकवीस जणांना अशीच पत्रं पाठवा. एकाने पाठवली, त्याला नोकरी लागली. एकाने हसून फाडून टाकलं, त्याचं घर बसलं. खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही. सातवीत असताना असं एक कार्ड नेमकं माझ्या नावाने आलं. कुणी पाठवलं कोण जाणे. माझं मराठी अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. एकवीस पत्रं लिहायची तर चाचणी परीक्षा बुडाली असती, आणि न लिहावीत तर घर. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या वहीतून ते कार्ड ओढून काढलं, वाचलं, पेनने माझं नाव खोडलं आणि वर स्वतःचं नाव घातलं. मग वकिलासारखं विचारलं, "दिलंस?" मी म्हटलं, "दिलं." "मग तुझा संबंध संपला. डबा खा."

बातमी वर्गभर पसरली. मग मुली घरची कार्डं आणायला लागल्या. पुढे मुलींच्या आया पाठवायला लागल्या. आमच्या वर्गातल्या लोर्नाला एका संताच्या नावाने इंग्रजीत पत्र आलं, तर तिने तेही घेतलं. शापाला भाषेची अट नाही, असं तिचं म्हणणं. प्रत्येक वेळी खाडाखोड, नाव, 'दिलंस?', 'दिलं'. सगळी कार्डं ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. फाडत नसे. मला वाटायचं फाडायला भीत असेल. तसं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "फाडलं की लोकांना वाटतं आपण रागावलो. मला राग नाय गो. मला फक्त ते पुढे जायला नको आहे."

नौपाड्यातल्या एका चौकात अमावस्येला लोक लिंबू-मिरची टाकायचे आणि बाकीचे त्याला वळसा घालून जायचे. एकदा तिने त्यातलं लिंबू उचललं आणि समोरच्या नळावर चोळून चोळून धुतलं. कोपऱ्यावरच्या भय्याकडून उकडलेले चणे घेतले, त्यावर ते पिळलं आणि आम्हाला पुडी पुढे केली. मी आणि नीलिमा चार पावलं मागे सरलो. नीलिमा म्हणजे आमच्यातली सगळ्यांत भित्री, आठवड्यातले चार वार कसला ना कसला उपास करणारी. नीलिमा म्हणाली, मानत नाहीस तर धुतलंस कशाला? ती चणे चावत म्हणाली, "श्रद्धा वेगळी, टायफॉइड वेगळा."

यावरून कुणाला वाटेल की ती नास्तिक होती. आम्हालाही वाटायचं, पण मग नवरात्र यायचं आणि टेंभी नाक्याच्या देवीसमोर ही बया दीड तास रांगेत उभी राहून, डोळे मिटून, इतके मनापासून हात जोडायची की मागचे लोक ढकलायला लागायचे. लोर्नाने तिला एकदा रांगेतच पकडलं, हे काय म्हणून. "देवीशी माझं काही भांडण नाही," ती म्हणाली. "तिच्या नावाने दम देणाऱ्यांशी आहे." तिच्या घरी आत्याच्या अंगात यायचं. वाडाभर लोक प्रश्न विचारायला जमायचे. ही कपबशी घेऊन गर्दीतून वाट काढत जायची आणि देवीला सांगायची की चहा निवतोय. देवी थोडा वेळ घुमायची, आणि मग आत्या चहा प्यायची. आत्याचा जीव तिच्यावरच सगळ्यांत जास्त होता.

शाळा सुटली, कॉलेजं झाली. मी आणि नीलिमा डोंबिवलीला गेलो, नीलिमा लग्न होऊन आणि मी वडलांनी ब्लॉक घेतला म्हणून. तरी दर महिन्याच्या एका शनिवारी ठाण्यात तलावपाळीच्या कठड्यावर चौघींनी भेटायचं, हा आमच्या शापवालीचा हुकूम होता. भेळ खाऊन झाली की ती विषय काढायची: देव. एकीने तरी या महिन्यात देवाबद्दल काय वाटलं ते सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नीलिमा उपासांचे हिशेब सांगायची. लोर्ना सांगायची की चर्चमध्ये तिला देवापेक्षा बाकांच्या पॉलिशचा वास जास्त आवडतो, आणि हे पाप आहे की नाही ते तिला कळत नाही. ही मात्र सगळ्यांशी भांडायची, सगळ्यांच्या बाजूने. माझी पाळी आली की मी तलावाकडे बघायची. मला वाटायचं, माझ्या मनात देवाशी जे काही चालतं ते बोलून दाखवलं तर ते बिचारं उजेडात मरून जाईल. "हिचं गुप्त मतदान," ती म्हणायची आणि मला सोडून द्यायची. तेवढी दया तिच्यात होती.

मग एक वर्ष असं आलं की कठड्यावर चढताना ती धापा टाकायला लागली. आधी तिने ते जिन्यांवर ढकललं, मग वजनावर. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप पार खराब झाली आहे, ती काढून धातूची बसवावी लागेल. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. कारण विचारलं तर म्हणाले, लहानपणी कधीतरी घसा धरला असेल, ताप आला असेल, त्याचं हे. सहावी-सातवीच्या सुमाराला.

सातवी हा शब्द नीलिमाने ऐकला आणि बोटांवर वर्षं मोजली. सातवीपासूनच तर आमची मैत्रीण ती कार्डं घेत होती. सगळ्यांत पहिलं माझं. नीलिमाने ते बोलून दाखवलं. मी नाही, पण माझ्याही मनात तेच आलं होतं.

पुढे जे झालं ते तिघी शिकलेल्या बायकांनी केलं, हे मी मुद्दाम नमूद करते. नीलिमा कोळीवाड्यात जाऊन कार्डांचा तो डबा मागून घेऊन आली. मैत्रिणीच्या आईने तो दोन्ही हातांनी दिला, म्हणाली, "न्या गो बायांनो, मला पन नको तो घरात." रविवारी दुपारी डोंबिवलीत, नीलिमाच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून आम्ही मैत्रिणीचं थकलेलं देणं, म्हणजे तिने पुढे न पाठवलेली पत्रं, फेडायला घेतलं. प्रत्येक शापाची एकवीस पत्रं जमणार नव्हती, म्हणून नीलिमाने देवीची क्षमा मागून प्रत्येकी तीनवर तडजोड केली. लोर्ना 'देवी' हा शब्द तीन प्रकारे लिहीत होती. पत्त्यांसाठी टेलिफोन डिरेक्टरी घेतली होती. ज्यांना आम्ही ओळखत नाही अशीच माणसं निवडायची, म्हणजे मनाला लागत नाही. एक शिंपी, एक होमिओपॅथ. खडवलीच्या एका किराणा दुकानदाराचं नाव लिहिताना माझा हात थांबला. त्याच्या घरी सातवीतली मुलगी असली तर? पण मी लिहिलं. मैत्रीण एकीकडे आणि खडवलीचा दुकानदार एकीकडे, तेव्हा कुणीही लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात जेवणाचा डबा नेणार होते, म्हणून गठ्ठा माझ्याकडे दिला. स्टेशनबाहेरच्या लाल पेटीत टाक, नीलिमाने चारदा बजावलं. मी पेटीपाशी उभी राहिले. मग गठ्ठा पिशवीत परत ठेवला आणि हॉस्पिटलात मैत्रिणीकडे घेऊन गेले. ज्याची वस्तू त्याला विचारावं, एवढंच माझ्या मनात होतं.

ती उशीला टेकून बसली होती, ओठ निळसर. बोलू नका असं तिला सांगितलेलं होतं, म्हणजे ते वाया गेलेलं होतं. मी सगळं सांगितलं आणि गठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला. तिने पहिलं कार्ड वाचलं, दुसऱ्याचा पत्ता वाचला. ती माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधीच बोलली नव्हती.

"इतकी वर्षं हे माझ्यापाशी थांबलं होतं. तुम्ही त्याला पिल्लं काढून दिलीत."

मी म्हटलं, अजून टाकलेली नाहीत.

"टाकायची नाहीत. मी मेले तरी."

"आणि खरंच मेलीस तर?" मी विचारलं. असं काही माझ्या तोंडून निघेल याची मलाच कल्पना नव्हती.

"तर डॉक्टर चुकला म्हणा, झडप चुकली म्हणा. पोस्टामुळे गेली म्हणायचं नाही." तिने दम घेतला. "कोण आहे गं हा खडवलीचा?"

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"वाटू दे की. मला काय वाटत नाही? पण आपली भीती आपल्यापाशी ठेवायची. लोकांच्या दारात टाकायची नाही."

मी खाटेची दांडी घट्ट धरली. मग तलावपाळीवर दहा वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. म्हटलं, पत्रं टाकणार नाही. पण मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार आहे. रोज करते. तुला विचारणार नाही, आणि तू नको म्हणालीस तरी थांबणार नाही. तुझं म्हणणं तुझ्यापाशी.

मला वाटलं आता वाद घालेल. "कर," ती म्हणाली. "ती कुणाच्या दारात पडत नाही." आणि तो सगळा गठ्ठा तिने उशीखाली सारला. नर्स केरळची होती. तिने हे काय म्हणून विचारलं, तर सांगितलं, "माय प्रॉपर्टी." ऑपरेशनला नेईपर्यंत ती त्या शापांवर डोकं ठेवून झोपली, आणि तिच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे घोरलीसुद्धा.

ऑपरेशनच्या दिवशी नीलिमा माझ्याशी बोलली नाही. गठ्ठा पोस्टात गेला नाही हे तिला कळलं होतं. व्हरांड्यात ती एका टोकाला स्तोत्र म्हणत बसली, मधे लोर्ना जपमाळ घेऊन, दुसऱ्या टोकाला मी. काही वाईट झालं असतं तर नीलिमाने ते जन्मभर माझ्या नावावर मांडलं असतं, आणि रात्री-अपरात्री मीही मांडलं असतं, हे मला त्या बाकावर स्वच्छ दिसत होतं. तरीही मी उठून पेटी शोधायला गेले नाही. आयुष्यात मी कुणाला ठणकावून सांगितलेलं असं काही नाही. न उठणं हेच माझं ठणकावणं.

ती वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने श्रेयाची वाटणी केली. सर्जनला बारा आणे, नर्सला दोन, उरलेले दोन आणे नीलिमा, लोर्ना आणि मी आपसांत भांडून घ्यावेत. नीलिमाने नवस फेडला, हिनेही पेढे खाल्ले, आणि पेढा पेढ्यासारखा लागतो असं मत दिलं. पत्रांचा गठ्ठा डब्यात परत गेला. ज्यांनी ही हकिगत ऐकली त्यांतल्या काहींनी मला विचारलं, बरं झालं ते ठीक, पण तुला असला जुगार खेळायचा अधिकार कुणी दिला? मी सांगते, ज्यांना ती पत्रं आली नाहीत, त्यांना विचारा.

हल्ली आम्ही महिन्याला भेटत नाही. ती कल्याणला शिकवण्या घेते, लोर्नाला बाळ झालंय, नीलिमाच्या सासूबाई आजारी असतात. तीन-चार महिन्यांतून एखादा शनिवार जमतो. वाद तेच आहेत, आणि ती अजून सगळ्यांशी सगळ्यांच्या बाजूने भांडते. माझी पाळी आली की आता मीही दोन वाक्यं बोलते. फक्त एक गोष्ट नवी झाली आहे. तिच्या छातीतल्या त्या धातूच्या झडपेचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा लोर्नाने स्वतःचं मनगटी घड्याळ कानाला लावून पाहिलं होतं. ती बोलत असते तेव्हा तो ऐकू येत नाही, म्हणजे बहुतेक वेळ येतच नाही. पण कधीतरी संध्याकाळी बोलता बोलता ती तलावाकडे बघून गप्प होते, मागच्या रिक्षाही क्षणभर थांबतात. तेव्हा नीलिमा बांगड्या हाताने धरते, लोर्ना भेळेचा कागद चुरगळायची थांबते, आणि मी तो बारीक टिकटिक आवाज सापडेपर्यंत श्वास सोडत नाही.