भुसामामांनी पेंढा धुतला

आमच्या प्रयोगशाळेत पेंढ्यापासून इंधन करतात. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय. पेंढा दळायचा, तापवायचा, त्याची वाफ उत्प्रेरकाच्या दाण्यांवरून सोडायची, की पलीकडे तेल ठिबकतं. दाणे मी बनवते, म्हणून मी मॅडम. पेंढा मामा दळतात, म्हणून ते भुसामामा.

सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं. चाळणी, दळणयंत्र आणि तोंडाचा पट्टा, तिन्ही एकदम चालू. यंत्रात खडा आला तर आवाजावरून ओळखत. साहेब बिघडलेत हे पावलांवरून. घराच्या दारात मात्र वाघाची शेळी होई. "अंगावरचा भुसा झटकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही," अशी मामींची ताकीद होती.

माझे दाणे एरवी पाच-सहा तासांत नांगी टाकत. या महिन्यात मी कृतीत थोडा बदल केला आणि ते तीन दिवस चालले! मी हवेत. सोमवारी मोठे साहेब येणार, नव्या उत्प्रेरकावर माझं भाषण. त्यांना पटलं तर माझी नोकरी पक्की.

शुक्रवारी मामा दारात घुटमळले.

"मॅडम, महिनाभर मी पेंढा धुऊन वाळवतोय. धूळ उडत नाही, घरी बोलणी बसत नाहीत. तुम्हाला सांगायचं राहिलं."

पेंढ्यातले क्षार दाण्यांवर बसून त्यांना निकामी करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामांनी ते क्षार धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीत ओतून दिले होते. मी जुन्या कृतीचेच दाणे भरून धुतलेल्या पेंढ्यावर यंत्र चालू केलं. रविवारी दुपारीही तेल मजेत ठिबकत होतं, म्हणजे करामत माझ्या कृतीची नव्हतीच.

"मंगळवारी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?" मी मामांवर खेकसले.

"माझं काय बिघडणार? पण दुसरीकडे कुणी न धुता करून बघितलं असतं आणि तुम्हाला खोटारडी म्हटलं असतं. ते मला चाललं नसतं."

मला रडू आलं, रागही आला. कुणाचा ते ठरेना. पक्क्या नोकरीवर मनातल्या मनात पाणी सोडून मी भाषणाचं शीर्षक खोडलं. तिथे 'धुतलेला पेंढा' असं लिहिलं, खाली आधी मामांचं नाव घातलं, मग माझं. मग त्यांना खुर्ची दिली.

"पाणी किती, गार की कोमट, कितीदा, सगळं सांगा."

मामा खुर्चीच्या कडेवर टेकले. घसा खाकरला.

"लिहा," ते म्हणाले, आणि मी लिहू लागले.