न सारवलेली बाजू

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनच तसं आहे. पण गेल्या नवरात्रात जे घडलं ते आठवलं की देवीपुढे हात जुळतात आणि त्याच वेळी मान खाली जाते. हात जुळणं तर चांगलंच, पण मान खाली जाते ती का, ते कुठंतरी कबूल करावं म्हणून लिहायला बसले आहे.

भीमेचं पाणी आमच्या आळीत शिरलं तेव्हा घट बसायला सहा दिवस उरले होते. आमचे मालक सणसवाडीला कंपनीत वॉचमन आहेत, तिथंच खोली घेऊन राहतात. घरी मी आणि सासूबाई. आम्ही दोघी गावच्या शाळेत जाऊन राहिलो. दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर परत आलो, तर घरात गुडघाभर गाळ, बाजरीला वास सुटलेला आणि मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत हात जाईल एवढी चीर. ती भिंत पांढऱ्या मातीची, सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. तिच्या कडेलाच सासूबाईंची खाट असते, त्यांना उठवत नाही. ही भिंत पुढचा पावसाळा काढणार नाही हे मलाही दिसत होतं. सरकारची मदत मिळाली तरच ती नव्यानं उभी राहणार होती.

पण माझ्या डोक्यात घट होते. नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातली चिंधीसुद्धा धुतल्याशिवाय राहत नाही. मी पदर खोचला आणि गाळ उपसायला लागले. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे हमीदाभाभींचं अंगण आहे. त्यांचे मालक गाद्या भरतात, त्यांचा सगळा कापूस भिजून गेला होता. तरी त्या दारात येऊन म्हणाल्या, "वहिनी, दमानं घ्या. तलाठी येऊन बघून जाऊ दे, मग करा साफसफाई. तवर चिखल राहू द्या."

मला राग आला. पैशासाठी देवीला चिखलात ठेवायचं? मी म्हणाले, "आमच्यात चिखलात घट बसवत न्हाईत, भाभी. तुमच्यात चालत असंल."

त्या माझ्याकडे नुसतं बघून निघून गेल्या. आयुष्यात कुणाला तोडून बोलले नव्हते, ते नेमकं त्यांना बोलले.

पुढचे दोन दिवस मी घासत, धूत, सारवत होते. भिंतीची चीर मातीनं लिंपून वरून शेणाचा हात फिरवला. तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी घर बघितलं आणि हसून म्हणाले, "हे तर लग्नघर दिसतंय. इथं काय लिहायचं?" बरोबरची माणसंही हसली. त्यांची चूक नव्हती, दिसतं ते लिहिणं त्यांचं काम. मीच तोंड उघडायला हवं होतं. त्या लिंपणात बोट घातलं असतं तरी चीर दिसली असती. मी पदर सावरून दाराआड उभी राहिले आणि ते पुढच्या घरी गेले.

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "दातखीळ बसली व्हती का तुझी? हमीदाला सुनवताना बरी जीभ चालली." त्यांनी ते ऐकलं होतं.

चौथ्या माळेला घटापुढे बसले तर रडू आवरेना. मी म्हटलं, आई, तुझ्यासाठीच सारवलं ना गं, मग असं का केलंस? देवीनं काही खूण दिली नाही. दिवा जळत होता तसा जळत राहिला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इतकी वर्षं आपण उगाच भिंतीशी बोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी केडगावला जाऊन गाडी धरली आणि दौंडला कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "पुन्हा पाहणी पाहिजे तर नुकसान दाखवायला काहीतरी हवं. फोटो आहे का?" नव्हता. बाहेर कडुलिंबाखाली येऊन बसले. तिथं एक म्हातारे गृहस्थ लोकांचे अर्ज लिहून देत होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "का रडता, ताई? कोण गाव?"

अनोळखी माणसाशी मी कधी बोलत नाही. त्या दिवशी सगळं सांगितलं, हमीदाभाभींना बोललेलं मात्र सोडून.

"म्हंजी सगळं सारवलंत?"

"व्हय."

"सगळं? अहो ताई, भिंतीला दोन अंगं असत्यात. दोन्ही सारवली का?"

मी रडायची थांबले. दुसरं अंग हमीदाभाभींच्या अंगणात होतं. दरवर्षी नवरात्राआधी मी तिकडून जाऊन ते सारवते, त्याच मला पाण्याची बादली देतात. या वर्षी त्यांना तोंड कसं दाखवायचं म्हणून गेलेच नव्हते. म्हाताऱ्यांनी अर्ज लिहून दिला, वर चहाही पाजला.

घरी न जाता तशीच हमीदाभाभींच्या फाटकाशी गेले, पण आत पाय टाकवेना. भाभी वाळलेला कापूस पिंजत होत्या. त्यांचा पंचनामा कधीच झाला होता. अंगण धुतलेलं, घराला चुना लावलेला. फक्त आमची भिंत होती तशी होती. छातीएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ, तिला चिकटलेला पालापाचोळा आणि उघडी चीर. पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून वरून फाटका कागद बांधला होता, ताडपत्रीचा.

मी त्या कागदाकडे बघत राहिले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुमचा पंचनामा राहिला व्हता ना, वहिनी. मालक म्हणले, सगळं अंगण धुतलंस आन् ही भिंत का ठिवली? म्हटलं, राहू द्या, वहिनींची हाय." मला रडताना बघून हसल्या. "आता रडताय कशाला? न धुवायला काय कष्ट पडत्यात व्हय? आळशी बाईचं काम ते."

त्या बाजूचा फोटो जोडून अर्ज कचेरीत दिला. भाऊसाहेब पुन्हा आले तेव्हा त्यांना अंगणात नेलं तेही भाभींनीच. "भाऊसाहेब, म्होरनं न्हाई, मागनं बघा. वहिनी बोलायच्या न्हाईत, भिंत बोलंल." त्यांनी रेघ बघितली, चिरेत हात घातला आणि सगळं लिहून घेतलं. पंच म्हणून भाभींनी आणि त्यांच्या मालकांनी सह्या केल्या.

संक्रांतीच्या सुमाराला मदत खात्यात आली. आता तिथं विटांची भिंत आहे आणि सासूबाई तिच्याकडे पाठ करून निवांत झोपतात. दौंडला नंतर दोनदा गेले, ते म्हातारे दिसले नाहीत. आजारी असतील, गावी गेले असतील. मी त्यावर काही म्हणत नाही. मला ते भेटले, एवढं पुरे आहे.

भाभींनी माझं ते बोलणं एकदाही काढलं नाही. मीही माफी मागितलेली नाही. कितीदा फाटकापर्यंत जाते, शब्द घशातच राहतात, मग काहीतरी मागून परत येते, कधी विरजण, कधी सुई. त्यांना कळत असेल. पण कळणं वेगळं आणि मी म्हणणं वेगळं.

मी देवीसाठी घराचा कोपरा न् कोपरा सारवला आणि ती माझ्या मदतीला आली ती न सारवलेल्या बाजूनं, जिला बोलले तिच्या हातानं. आता घटापुढे बसले की काही मागत नाही. जे माझ्याकडून झाकलं जात नाही ते तसंच उघडं तिच्यापुढे ठेवते आणि म्हणते, आई, हे तू बघ.

नवी भिंत त्या बाजूनं अजून गिलावा न केलेलीच आहे. या नवरात्राआधी तो करायचा आहे. पाण्याची बादली मागायला भाभींच्या दारात जाईन, तेव्हा बादलीच्या आधी ते एक वाक्य तोंडातून निघावं, एवढं बळ देवीनं द्यावं.