माळीबुवांच्या लेकीचा सामना

धुकं विरलं नव्हतं, तरी मैदानावर माळीबुवांचं रोलर फिरवणं चालूच होतं. याच खेळपट्टीवर त्यांनी लेकीला गोलंदाजी शिकवली; आज ती परगावी पहिला मोठा सामना खेळणार होती. त्यांनी फोनवर सामने दाखवणारं ॲप उघडलं, तर बायकांचे सामने वेगळ्या पॅकमध्ये!

"अहो, परवाच भरले ना पैसे?" चहा घेऊन मैदानावर आलेली बायको म्हणाली.

"ते पुरुषांच्या सामन्यांचे! लेकाचे माझीच पोर मला भाड्यानं दाखवतात."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "बाबा, बघणार ना?"

"कशाचा बघतोय! बापाच्या तोंडावर दार लावलंय त्यांनी. तू खेळपट्टीवर अंगठा दाबून बघ. ओल लागली तर चेंडू पुढं टाक. आणि संध्याकाळी एकेक चेंडू मला सांगायचा, फुकटात!"

फोन खिशात कोंबून ते पुन्हा रोलरला भिडले.