नाकाडोंगरीचा फ्री एजंट

मे महिन्याच्या शेवटी माझा क्लबशी करार संपला आणि मी घरी नाकाडोंगरीला आलो. फुटबॉलच्या धंद्यात अशा खेळाडूला फ्री एजंट म्हणतात. तो कोणाला बांधलेला नसतो, ज्या क्लबला हवा त्यानं थेट त्याच्याशी बोलावं, जुन्या क्लबला काही द्यायची गरज नाही. मायनं विचारलं, पुढं काय, तेव्हा मी कूलरसमोर आडवा पडलो होतो. सध्या मी फ्री एजंट आहे, एवढंच म्हणालो आणि कूस बदलून झोपलो.

मायनं ही बातमी आठवडी बाजारात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत होतो तर शेजारच्या काकू विम्याच्या पावत्यांची पिशवी घेऊन ओट्यावर बसलेल्या. त्यांचे हप्ते भरून झाले होते आणि पैसे अडकले होते. मी फ्रीमध्ये काम करतो असं त्यांनी ऐकलं होतं. त्या गेल्या तर बाबांच्या सोबत खाणीत असलेले एक काका आले. त्यांचे पैसे एका फायनान्सवाल्याकडे बुडाले होते. तो फायनान्सवाला पळाला, त्याचा एजंटही पळाला, आता नवीन एजंट काही करतो का, हे पाहायला ते आले होते. आमच्याकडे एजंट हा शब्द जवळजवळ शिवीच आहे. गावात ज्यानं ज्यानं लोकांना बुडवलं तो आधी एजंटच होता. काका माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते तशी नजर मी विरुद्ध संघाच्या प्रेक्षकांकडूनही कधी पाहिली नाही.

बाबा फिरून आले आणि काकांना पाहून तिथंच थांबले. काका गेल्यावर मला म्हणाले, "इतके वर्षं फुटबॉल खेळला, अन् आता एजंटगिरी काहून करून राहिला? तेही फुकटात?"

मला हसू आवरेना, त्यामुळे बाबा आणखी चिडले. मग मी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "म्हणजे सालगड्यासारखं. पाडव्याले साल सुटलं, दुसरं धराचं बाकी आहे. असं सरळ सांगाचं ना मंग." मी नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलो, पण करार हा प्रकार मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितला नव्हता.

मी लेफ्ट बॅक, डावीकडचा बचाव सांभाळणारा. खाणीच्या कॉलनीतल्या मैदानावर, जुन्या पाइपांच्या गोलपोस्टमध्ये खेळायला शिकलो. खाणीत पूर्वी बंगालकडचे साहेब असायचे, त्यांनी इथं फुटबॉल आणला आणि बदली झाल्यावर सोबत नेला नाही, म्हणून तो राहिला. मॅंगनीजच्या काळ्या धुळीत आम्ही घसरून टॅकल करायचो आणि घरी गेल्यावर मायच्या शिव्या खायचो. तिथून मी नागपूरला गेलो, आणि नागपूरहून पुढं. तीन क्लब झाले. एकदा आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो आणि हरलो. ते रुपेरी पदक मायनं भिंतीवर लावलं आहे. मी त्या भिंतीकडे पाहत नाही.

लेफ्ट बॅकला कोणी ओळखत नाही. गोल मारणाऱ्याचं नाव लोक पोरांना ठेवतात, गोलकीपरला निदान शिव्या देण्यासाठी तरी लक्षात ठेवतात. लेफ्ट बॅकनं हजार वेळा बरोबर खेळावं आणि एकदा चुकावं, तेवढी एक चूकच दिसते. पण जिंकलेल्या संघाच्या फोटोत लेफ्ट बॅकही असतो. मला तो फोटो हवा होता. एकतीस वर्षांचा झालो होतो, आणि इतकी हवीशी वाटणारी दुसरी कोणतीही गोष्ट माझ्या आयुष्यात नव्हती. यात मोठेपणा काही नाही, सरळ हाव होती.

त्या जून महिन्यात दोन क्लब बोलत होते. एक मोठा, गेल्या काही वर्षांत कप जिंकत आलेला. तो एकाच वर्षाचा करार देत होता आणि पैसे मला आधी मिळायचे त्याहूनही कमी. दुसरा नवा क्लब, नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला, हरायलाच आला आहे असं सगळे म्हणत होते. तो दोन वर्षांचा करार देत होता आणि पैसे मोठ्या क्लबच्या अडीचपट. मोठ्या क्लबच्या कोचचा स्वतः फोन आला. आमची डावी बाजूच कच्ची आहे, तू आलास की यंदाचा कप आपलाच समज, असं तो हिंदीत म्हणाला. त्या वाक्यावर मी चार दिवस हवेत होतो.

घरात ज्याचं त्याचं मत होतं. माय म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको. गावातले मित्र म्हणाले, आधी पोटोबा मग विठोबा. आमच्या घरी विठोबा नाही, बुद्धाची मूर्ती आहे, पण पोटोबा आहेच, त्यामुळे मी मान हलवली. समाजमाध्यमांवर मला न पाहिलेली माणसं सांगत होती, की खरा खेळाडू पैशाकडे पाहत नाही. त्यांच्यापैकी एकानं तरी कमी पगाराची नोकरी हौसेनं धरली असेल काय, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

बाबांनी सरळ मत दिलं नाही. एका संध्याकाळी बांधावर बसलो होतो, पुढं पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायला वाफे तयार होते, तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा आंबागडला सालगडी होते. पाडव्याला साल सुटायचं, त्या दिवशी गडी घरीच थांबायचा. मग मालक लोक बोलवायला यायचे. ज्याच्या घरी तो जेवला त्याचं साल धरलं, असं ठरलेलं असायचं. लिहापढी नाही, ताटावर बसणं हीच सही. बाकीचे गडी कोण किती धान देतो ते पाहायचे. आजोबा गोठ्यात जाऊन बैलजोडी पाहायचे. चांगल्या जोडीमागं नांगर धरायला मिळतो म्हणून एका वर्षी ते धान कमी देणाऱ्याकडे जेवून आले.

मला वाटलं, बाबा मोठ्या क्लबकडे जा म्हणतात. मी तसं विचारलं. ते म्हणाले, "तुह्या आजीनं काय म्हटलं ते नाही आयकलं तू. ते म्हणे, बैल तं लय गोमटे आहेत, पण आता शिजवू काय, बैलाचे शिंगं?" आणि उठून वाफ्याकडे गेले. बाबांना प्रश्न विचारला की असंच होतं, दोन्ही बाजूंची उत्तरं मिळतात.

बायको तुमसरकडच्या एका शाळेत शिकवते. वर्षातले आठ महिने मी बाहेर असतो आणि घर, शाळा, माय-बाबांचं दुखणंखुपणं ती एकटी पाहते. तिनं कोणतीही म्हण वापरली नाही. मोठा क्लब घ्यायचा असेल तर घ्या, आपण भागवू, असं ती म्हणाली आणि वह्या तपासत बसली. माझी पंचाईत झाली. ती नाही म्हणाली असती तर तिच्यावर ढकलून मोकळा झालो असतो.

भंडाऱ्याला गुडघ्याच्या डॉक्टरांना दाखवायला गेलो, ते मुद्दाम मोठ्या क्लबला होकार द्यायच्या आधी. उजवा गुडघा दोन सीझनपासून कुरकुरत होता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि विचारलं, अजून किती खेळायचा विचार आहे. मी म्हटलं, जितकं जमेल तितकं. ते म्हणाले, दोन वर्षं जमेल, जपून खेळलात तर. त्यानंतरचं मी सांगू शकत नाही. परत येताना वाट वाकडी करून कारध्याला पुलाजवळ गाडी थांबवली, टपरीवर चहा घेतला. वैनगंगेत म्हशी डुंबत होत्या. एक वर्षाचा करार आणि दोन वर्षांचा गुडघा, हा हिशोब काही केल्या जमत नव्हता. चहा संपायच्या आत मी माझ्या प्रतिनिधीला फोन केला, तो खरा एजंट, पुण्यात बसतो, आणि सांगितलं की नव्या क्लबला हो म्हणून कळव.

फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं नाही. चिडचिड झाली. चहावाल्यानं साखर जास्त घातली म्हणून त्याच्यावर उगाच ओरडलो. घरी सगळे खूश झाले, माय तर शेजारी साखर वाटून आली. मला तो फोटो दिसत होता आणि त्यात मी नव्हतो.

नवा क्लब लोकांनी म्हटलं तसाच निघाला. आम्ही हरत होतो, कधी थोडक्यात, कधी चांगलंच. पैसे मात्र वेळेवर यायचे, यात खोट काढायला जागा नाही. त्यातून घरावर स्लॅब पडला, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोठ्या क्लबनं माझ्या जागी मणिपूरकडचा एक बावीस वर्षांचा पोरगा घेतला. त्याचे सामने मी हॉटेलच्या खोलीत पाहायचो. तो कुठं चुकतो ते शोधायचो, आणि सापडलं की मला बरं वाटायचं. क्रॉस कच्चा, डोकं वर करून पाहत नाही, उजवा पाय वापरायला भितो. मी असतो तर, असं रोज कधीतरी मनात यायचंच. तरी ते जिंकत गेले.

ते अंतिम सामन्यात पोचले तेव्हा आमचा सीझन कधीच संपला होता आणि मी घरी होतो. उन्हानं अंगण तापलेलं, घरात सगळे टीव्हीसमोर. मायला फुटबॉल कळत नाही, ती डावीकडच्या पोराकडेच पाहत होती, कारण ती माझी जागा. मित्रांचे मेसेज येत होते, तू तिथं पाहिजे होतास. मी फोन उलटा करून ठेवला.

मोठा क्लब एका गोलनं पुढं होता आणि सामना संपत आला होता. त्यांचा कॉर्नर, सगळे पुढं गेलेले. चेंडू परतला आणि समोरच्या संघाचा विंगर एकटाच सुटला. त्याच्यापुढं रिकामं मैदान आणि गोलकीपर. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून तो लेफ्ट बॅक पळायला लागला. तिथून कोणी पोचत नाही. गोलकीपर चकला, विंगरनं चेंडू सावकाश जाळ्याकडे ढकलला, आणि हा पोरगा घसरत गेला आणि त्यानं रेषेवरून चेंडू बाहेर काढला. स्वतः गोलपोस्टला जाऊन धडकला. घरात बाबांनी टाळी वाजवली. थोड्या वेळानं शिट्टी झाली.

मी तो पळत असताना बसल्या जागी पाय हलवत होतो. दहा वर्षं हेच काम केलं आहे, कुठून निघालं की कुठं पोचता येतं हे मला डोक्यानं मोजावं लागत नाही, पायांना कळतं. तो मैदानाच्या मध्यावर असताना माझे पाय थांबले होते.

टीव्हीवर कप द्यायची तयारी चालली होती. बाबा माझ्याकडे वळले. टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तिथं तू असता तं?"

बायको म्हणाली, जाऊ द्या ना बाबा, आता कशाला. पण वर्षभर मी स्वतःला जे विचारत होतो तेच बाबांनी विचारलं होतं, फक्त मी कधी उत्तराची वाट पाहिली नव्हती.

"मी पोचलो नसतो, बाबा," मी म्हणालो. "गोल झाला असता."

माय काहीच न समजून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. पैशासाठी कप सोडला असं मी वर्षभर मनात धरून बसलो होतो, आणि त्या दुःखाची मला बरीच सवयही झाली होती. सोडायला कप माझ्या हातात कधी आलाच नव्हता. पडद्यावर ते सगळे फोटोसाठी ओळीनं उभे राहिले, लेफ्ट बॅक डावीकडे टोकाला, डोक्याला पट्टी. माझ्या कराराचं अजून एक वर्ष बाकी होतं.